जे नवरा होय ते

"तुमचा तो पाहुण्यांचा तास आता मला द्या," मुख्याध्यापक विनायकसर म्हणाले आणि अपर्णा ताडकन उभी राहिली.

पहिलीच्या वर्गासाठी शनिवारचा हा तास तिने भांडून मिळवला होता. मुलांच्या घरच्या कुणीतरी वर्गात यायचं आणि काहीही सांगायचं. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, नाहीतर आपलं काम दाखवा. घर शाळेत आलं की सुरतेतल्या लिंबायतची ही लाजरीबुजरी पोरं तोंड उघडतील, अशी तिची खात्री होती. पण आजवर कुणी फिरकलंच नव्हतं. आया पोराला दारात सोडून कामावर पळत. बाप एकतर कापडगिरणीत लूमवर असत, नाहीतर झोपेत.

"सर, एक शनिवार द्या. एकच!"

"ठीक आहे. पण या शनिवारी कुणी आलं नाही, तर पुढच्यापासून तिथे पाढे. मी स्वतः घेणार."

विनायकसरांचे पाढे ऐकून मोठी मुलंसुद्धा पोटदुखी काढत. पहिलीचं काय होणार? अपर्णाने धावत जाऊन शिपाई भाईदासला गाठलं. "फाटकावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. शनिवारी ज्यांना मोकळा वेळ असेल, त्यांनी शाळेत यावं."

भाईदास अस्सल सुरती. मराठी शाळेत जन्म गेल्यामुळे देवनागरी अक्षर मोत्यासारखं होतं, पण त्या अक्षरांतून भाषा कुठली बाहेर पडेल याची खात्री नसे. फळा लहान आणि वाक्य लांब. भाईदासने ते आपल्या परीने सुटसुटीत केलं आणि हात झटकले. अपर्णा लग्न होऊन नागपूरहून आलेली, शिवाय स्कूटी मागच्या दाराने आत घेणारी. तिने तो फळा पाहिलाच नाही.

शुक्रवारी शाळा सुटताना ज्योतीची आई मंदा तिला कोपऱ्यात घेऊन गेली. "बाई, आमचा माणूस रात्रपाळी करून येतो. अंघोळ घालून धाडू का तसाच?"

"म्हणजे ते येणार?" अपर्णा जवळजवळ उडालीच. "तसेच येऊ द्या! आहेत तसे!"

"येतो म्हणजे काय, धाडतेच मी. आणि तंबाखूवरून चांगलं खडसवा बरं का त्याला. माझं ऐकत नाही."

तेवढ्यात मागून दुसरीने विचारलं, "बाई, आमचे हे गावाला गेलेत. दीर चालेल का?"

"कुणीही चालेल हो!" अपर्णा आनंदाने म्हणाली. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. का हसल्या, हे विचारायला तिला सवड नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्यालाही घोळात घेऊन पाहिलं. "पराग, उद्या तूही ये ना. बँकेला सुट्टीच आहे."

"मी? पहिलीसमोर? छे! उद्या मला काम आहे."

"कसलं?"

"सुट्टीचं," पराग म्हणाला आणि सोफ्यावर आणखी पसरला.

शनिवारी सकाळी अपर्णा वर्गाकडे वळली आणि जागीच थबकली. व्हरांडा बाप्यांनी गच्च भरला होता! औषधालासुद्धा एक बाई नाही. कुणाच्या केसांत सुताचा कापूस, कुणाच्या डोळ्यांत झोप, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची कळा. मुलं मात्र आनंदाने नुसती उड्या मारत होती.

"मॅडम, माले बायकोनी धाडं," ज्योतीचे वडील गणपत हात जोडून म्हणाले. "तंबाखू सोडस मी. आज पहाटे शेवटली खादी."

ज्योती त्यांचं बोट धरून सगळ्यांना सांगत सुटली होती, "हे माझे पप्पा! बघ, जागे आहेत!" या पोरीने बाप बहुधा झोपलेलाच पाहिला असावा.

एवढ्यात फाटकाशी कल्ला झाला. अंगभर हळद, डोक्याला बाशिंग आणि हातात लिंबू खोचलेली कट्यार, अशा थाटात एक तरुण आत आला. वर्गातल्या चेतनचा काका दत्तू.

"मॅडम, संध्याकाळी माझं लग्न आहे," तो घाईघाईने म्हणाला. "वहिनी म्हणाली, आजपासून तूपण नवरा. जा, हजेरी लावून ये."

काहीच न कळून अपर्णाने सगळ्यांना वर्गात घेतलं. छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून मंडळी बसली.

"गणपतभाऊ, काहीतरी सांगा ना मुलांना."

"माले गोष्ट येत नई. माले फक्त लूम येस."

"मग लूम सांगा!"

गणपतने घसा खाकरला. "खटखट, खटखट..." बघता बघता सगळे बाप सामील झाले आणि वर्गाचा कारखाना झाला. पोरं बाकं बडवू लागली. अपर्णाने फळ्यावर 'खट' लिहिलं आणि एरवी हूं की चूं न करणारी ज्योती सगळ्यात मोठ्याने ओरडली, "खट!" मग कट्यारीचा क आला, दत्तूच्या हळदीचा ह आला. मुलं ऐकेचनात!

पाढ्यांचं पुस्तक घेऊन आलेले विनायकसर दारातच थिजले. "हे काय? एकजात बाप्ये?"

"फळ्यावर तसंच लिहिलंय ना सर," गणपत म्हणाले.

सर तरातरा फाटकाशी गेले. मागे अपर्णा. फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'शनिवारे जे नवरा होय ते निशाळे आवजो.'

विनायकसरांना हसू आवरेना. "अहो अपर्णाबाई, गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा! मोकळा वेळ असलेला! त्यांनी शाळेत यावं असं लिहिलंय, आणि बायकांनी नवरे धाडले!"

"तो बीजुं शुं? दुसरं काय?" फाटकाशी उभा असलेला भाईदास गोंधळला. मग त्याने वर्गातून बाहेर डोकावणाऱ्या त्या झोपाळू, घाईतल्या मंडळींवर नजर फिरवली. "पण साहेब, आमां तो एक पण नवरो नथी!"

सर हसायचे थांबले. खरंच, त्या मंडळींत रिकामा असा एकही नव्हता. आत खटखट चालूच होती. पाढ्यांचं पुस्तक काखेत मारून ते म्हणाले, "फळा पुसू नका. तास तुमचाच."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. घरी कंटाळलेला पराग बायकोचा तास बघायला आला होता. त्याने फळा वाचला आणि हसत विचारलं, "हे काय? मलाही लागू आहे का?"

"तुलाच लागू आहे," अपर्णा म्हणाली. "दोन्ही भाषांत नवरा असलेला तू एकटाच आहेस."

आणि तो काही बोलायच्या आत वर्गातून धावत आलेल्या ज्योतीने त्याचं बोट पकडून वर्गाकडे आरोळी ठोकली, "अजून एक आला रे!"