सुगंधाबाईंच्या गाठीत सापडलेल्या पाहुण्याची हकीकत

श्री. मातेच्या उदरास नमन, आणि उदरी राहून जे निघून गेले त्यांसही नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते ऐकावे. एक राज्य होते. तट नाही, तोफ नाही, इस्पितळाच्या तळघरातील चार खोल्या इतकाच मुलूख, पण दरारा ऐसा की वरल्या मजल्यांचे मोठमोठे शस्त्रवैद्य जिन्यावरून वाकून अदबीने पुसत, "आमच्या गाठीचे काय जाहले?" राज्य कुमुदिनीबाई राणीसाहेबांचे. पदरी सरदार अच्युतराव खिस्ती. रोग्याच्या अंगातून काढिलेली गाठ मेणात बसवावी, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढावे, आणि ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलावे, यात आपली बरोबरी कोणी करीत नाही असे ते स्वतःच सांगत, त्यामुळे चौकशीची गरज कोणास पडली नाही.

मग सुगंधाबाई लोहकरे म्हणून विड्याच्या पानांचा व्यापार करणाऱ्या एक साठीच्या बाई, त्यांच्या स्तनातून काढिलेली गाठ राज्यात आली. वाढीचा हुकूम देणारे एक जनुक असते. ते गाठीत बेताचे आहे की त्याची दाटी जाहली, हा प्रश्न. दाटी असेल तर नेमके त्या दाटीस गाठणारे औषध आहे, रोग पुन्हा न उठण्याची आशा धरावी. नसेल तर औषध व्यर्थ, वर हृदयास त्रास. मग राणीसाहेबांनी काच तापविली, आणि जनुकांचे दुपदरी गोफ उकलले, आणि रंग दिलेला एक पदर त्यांत सोडिला. तो एवढ्या गर्दीतून आपला जोडीदार हुडकून त्यासच बिलगतो, आणि अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीखाली दिव्यासारखा लकाकतो. (इतकी निष्ठा वरल्या मुलुखी लग्न करूनही मिळत नाही, असे राणीसाहेब म्हणत, त्या अविवाहित.) दिवे दाट निघाले, आनंद जाहला. परंतु रिवाज ऐसा की गाठ ज्याची त्याचीच आहे ना, हे पाहण्यास दुसऱ्या काचेवर बाई-पुरुष ओळखण्याचे दिवे लावावे. ते लाविले, तो बायकी पेशींत, इथे एक तिथे एक, पुरुषी पेशी!

राणीसाहेबांचा चेहरा उतरला. "खिस्ती, तुमच्या पाण्यात आदल्या कोणा पुरुषाचा तुकडा राहिला. आता दाट दिवे कोणाचे म्हणू? बाईंस औषध कशाच्या भरवशावर देऊ?" सरदार तापले. "माझ्या पाण्यात परका तुकडा? राणीसाहेब, मी आंघोळीचं पाणी एक वेळ बदलणार नाही, पण ते बदलतो!" "ते वाऱ्याची दिशा फिरली की कळतं," राणीसाहेब बोलिल्या, आणि पुन्हा दुर्बिणीस डोळा लाविला. परका तुकडा असता तर ढेकळासारखा कडेस पडता. हे तर विणीत विणलेले. मग सुगंधाबाईंस बोलावून रक्त घेतले आणि गाठीशी ताडिले, तो गाठ निःसंशय त्यांचीच. मग हा पाहुणा कोण?

"बाई, मुलगे किती?"

"मुलगा नाही. दोन मुली."

"पोटात कोणी राहिला होता?"

बाईंनी दार लोटून घेतले. मग म्हणाल्या, "एक झाला होता, मुलींच्या आधी. बारशापर्यंत टिकला नाही. सासूबाई म्हणाल्या, नाव नाही त्याला धरायचं नाही. मग मीही कुणाला सांगितला नाही."

तेव्हा राणीसाहेबांनी त्यांचा हात धरिला. "पोर पोटात असतं तेव्हा त्याच्या थोड्या पेशी आईच्या अंगात उतरतात, आणि कधी कधी जन्मभर तिथंच बिऱ्हाड करतात. हा तोच दिसतो." "म्हणजे माझं पाणी स्वच्छ!" सरदार ओरडले, आणि राणीसाहेबांनी डोळे वटारिले, आणि सरदारांनी खाली मान घालून बाईंस स्टूल आणून दिले. बाईंनी दुर्बिणीतून पाहिले. फार वेळ पाहिले. आणि उठून म्हणाल्या, "मग मला ते औषध नको. गाठीला मारायला येणार, आणि हा गाठीतच बसलेला. एकदा घालवला तेवढं पुरे."

दुसरे वैद्य असते तर समजावीत बसते, नातलग असते तर रागे भरते. राणीसाहेबांनी तिसरी काच केली. हुकमाचे दिवे आणि पुरुषाचे दिवे एकत्र लाविले, आणि दुसरे दिवशी बाईंस पुन्हा स्टुलावर बसविले. "ही गाठ, बघा कशी दाटी. औषध ही दाटी बघून चाल करतं. आणि हा तुमचा. याच्यात ते जनुक दोनच, असावं तेवढंच. औषध याच्या वाटेस जायचं नाही."

"इतक्या वाईट संगतीत राहून वळण नाही लागलं त्याला?"

"नाही."

"माझ्यावर गेलाय," बाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून औषधास रुकार दिला.

येणेप्रमाणे निकाल वर गेला आणि औषध सुरू जाहले. पहिली बाटली चढत असता बाई डोळे मिटून काही पुटपुटत होत्या. नर्सबाईंस वाटले नामस्मरण चालले. जवळ जाऊन ऐकिले, तो म्हणत होत्या, "बाजूला सरक, बाळा. जरा बाजूला सरक." हकीकत इतकीच; घडली तैशी लिहिली.