लोण्यापायी खोळंबलेल्या दरबाराची हकिकत

श्रीसंत पॅट्रिक समर्थ. विस्कॉन्सिन प्रांती, ऑटर ओढ्याच्या पैल मुलखात, राजमान्य राजेश्री मालाकी ड्रेनन, मूळ वतन आयर्लंड, हल्ली दौलत सत्तर एकर खडकाळ जमीन आणि अकरा गाई, प्रांताच्या दरबारी आमदार जाहले आणि ओढ्यावर पूल व्हावा ऐशी अर्जी घेऊन मॅडिसन शहरी दाखल जाहले. त्या मोहिमेचे वर्तमान घडले तैसे लिहितो. कोणी हसल्यास पाप त्याचे माथी.

पुलाचे कारण ऐसे की, गतवर्षी बर्फ वितळून पूर आला, त्यात रावांचे मेहुणे फिंटन ओढा उतरताना वाहून गेले. ते दिवसापासून कबिला होनोराबाईंनी ओढ्याचे तोंड पाहिले नाही. रावांनी कबरीपाशी पुलाची शपथ वाहिली, आणि ती पुरी होईतो त्यांस घास गोड लागेना.

मतांचा दिवस मंगळवार नेमिला होता, म्हणोन राव रविवारी घरी गेले, कारण तांबडी गाय व्याली होती. तो मोका साधून पूलविरोधी सरदारांनी सोमवारी सकाळीच मतांचा पुकारा केला. मग रावांच्या दोस्तांनी गैरहजर असामी धरून आणावी ऐसा ठराव केला, आणि दरबारचे दरवाजे बंद जाहले, आणि आतल्याने बाहेर जाऊ नये ऐसा हुकूम सुटला, आणि चोपदार फिलँडर व्हिटकम, मिशांस मेण लावणारे खासे यांकी गृहस्थ, हुकूमनामा घेऊन घसरगाडीने गोठला ओढा ओलांडून ड्रेननांच्या घरी पावले.

ते समयी होनोराबाई लोण्याच्या पिंपात दांडा घुसळीत होत्या. आयरिश घरचा कायदा ऐसा की, लोणी निघण्याआधी जो उंबरा चढेल त्याने दांडा धरून हात लावावा. न लावता गेला तर लोणी आणि नशीब दोन्ही घेऊन जातो. चोपदारांस हे काय ठाऊक!

“ओढा तर रस्त्यासारखा कडक आहे. पूल हवाय कशाला तुम्हाला? चला ड्रेनन, बसा गाडीत.”

“आधी दांडा धरा,” होनोराबाईंनी कडी लावली.

“बाई, मी सरकारी माणूस आहे!”

“मग सरकारी हात चालवा.”

“अगं, सोड त्याला! तिकडे मत हुकेल माझं,” राव काकुळतीस आले.

“तुमचं मत धरूनही एक कमीच पडतंय, तुम्हीच सांगितलंत ना काल? मग नशीब लागणारच. ते मी या मिशीवाल्याबरोबर घालवू होय?”



मग चोपदारांनी अंगरखा उतरविला आणि पिंपाशी हातघाईस आले. घटकांवर घटका लोटल्या, मिशांचे मेण पाघळले, दरबारात सारे सरदार उपाशी कोंडून बसले, तरी लोणी काही केल्या तह करीना. अखेर दोन प्रहरी शरण आले.

परंतु मार्च महिन्याचे ऊन तोवर तापले होते. ओढ्याच्या मध्यावर गाडी कलंडली, बर्फ कडाडले आणि चोपदार कमरेपर्यंत पाण्यात गेले. मालाकीराव पोटावर सरपटत गेले आणि त्यांनी चोपदारांची कॉलर धरली. फिंटनची कॉलर हाती लागली नव्हती, ही आठवण त्यांस तेथेच जाहली, आणि त्यांनी ऐसा हिसका दिला की चोपदारांच्या दोन गुंड्या तुटल्या पण प्राण वाचले.

पाणी निथळत दोघे दरबारी हजर जाहले. उशिराचे कारण काय, ऐसे सभापतींनी फर्मावून विचारिले. चोपदारांचे दात वाजत होते.

“हुजूर, लोणी,” ते म्हणाले. मग स्वतःच्या पँटकडे पाहून म्हणाले, “आणि पूल पाहिजेच, हुजूर.”

विरोधकांपैकी ओबेड थेअर नामे म्हातारे गिरणीवाले पोट धरून हसले, मग हसू आवरून चोपदारांच्या निळ्या पडल्या बोटांकडे पाहत राहिले, आणि आपला पक्ष सोडून पुलाकडे वळले. पन्नासास एकोणपन्नास, ऐशी एका मताने फत्ते जाहली.

सप्टेंबरात पूल उभा राहिला. होनोराबाई प्रथम चढल्या, मध्यावर थांबल्या आणि दीड वर्षांनी खाली वाकून पाण्याकडे पाहिले.

“आता ने बघू कुणाला,” त्या म्हणाल्या, आणि रावांचा हात धरून रडल्या.

येणेप्रमाणे ऑटर ओढा कायमचा जेर जाहला, हे दरबारच्या दप्तरी आणि येथे नमूद असे.