कवळी आणि ओसाड बेट

सासरेबुवांचे उरलेले चार दात काढल्यापासून ते दंतवैद्य जावयाच्या घरी मुक्कामाला होते. हिरड्या भरल्या, कवळी बसली की ते जाणार होते. त्या कवळीची वाट जावई त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच बघत होता. कारण शेजारच्या देशानं कुठलंसं ओसाड बेट बळकावलं होतं. सासरेबुवा 'लढा' म्हणणाऱ्या पक्षाचे, जावई 'बोलणी करा' म्हणणाऱ्या पक्षाचा, आणि घरात जेवायचं टेबल एकच.

अखेर सोमवारी त्यानं त्यांना दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं. ओल्या लगद्याचा साचा तोंडात बसवून तो म्हणाला, "बाबा, माप घ्यायचंय. तीन मिनिटं बोलायचं नाही."

सासरेबुवांनी मान डोलावली. पण दंतवैद्यालाच शांतता सोसवेना. सहज म्हणाला, "आज आपलं शिष्टमंडळ निघालं म्हणे."

साचा थाडकन छातीवर पडला. "शिष्टमंडळ! चोराच्या घरी चहा ढोसायला चाललेत लेकाचे!"

दुसऱ्या खेपेला दंतवैद्यानं ओठ घट्ट मिटले. सव्वा मिनिट छान गेलं. मग सासरेबुवांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि साचा आपल्या हातानं बाहेर काढला.

"कळतंय हो तुमच्या मनात काय चाललंय ते!"

"मी काही बोललो का?"

"तेच! तुमचा पक्षही असाच. बेट गेलं तरी तोंडातून ब्र नाही!"

आतल्या दारातून बायको डोकावली. "अहो, एवढं साधं माप जमेना? बाबांनी कधीपर्यंत नुसतं पातळ पीत राहायचं?"

साच्याचा लगदा करायची पूड डब्यात एकाच मापापुरती उरली होती. नवा डबा यायला पंधरा दिवस. म्हणजे आणखी तीस जेवणं. दंतवैद्यानं आपल्या तत्त्वांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि तिसरा साचा बसवला.

"बाबा, खरं सांगू? तुमचंच पटतंय. बोलून आजवर काय मिळालं? आरमारच पाठवायला हवं."

सासरेबुवांचे डोळे विस्फारले, पण जबडा हलला नाही.

"आणि एकच बेट का म्हणून? चांगली चार घ्यावीत."

म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. दोन मिनिटं संपेपर्यंत दंतवैद्य शत्रूच्या राजधानीत पोचला होता. उरलेलं मिनिट कसं काढावं ते सुचेना, म्हणून त्यानं स्वतःच्या पक्षाध्यक्षाला तुरुंगात टाकलं. माप असं सुरेख उतरलं, की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. कशाचा, याचा त्यानं फार विचार केला नाही.

आठ दिवसांनी कवळी आली. सासरेबुवांनी ती बसवून कचाकचा सफरचंद खाल्लं. दंतवैद्यानं त्यांची बॅग पुसून तयारच ठेवली होती.

"जावईबापू, ती ठेवा माळ्यावर," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

"तिकडे बोलायला आहे कोण? अख्खी गल्ली बोलणीवाल्यांची. इथं आता घरातच आपला माणूस आहे. निवडणुकीपर्यंत मी काही हलत नाही."

खरं काय ते सांगून टाकायला दंतवैद्यानं तोंड उघडलं. पण दारात बायको उभी होती. नवरा आणि वडील एकदाचे एक झाले म्हणून तिचे डोळे भरून आले होते. त्यानं तोंड मिटलं आणि बॅग घेऊन तो स्टुलावर चढला.

"आणि हो," सासरेबुवा खालून म्हणाले, "संध्याकाळी आमच्या पक्षाची सभा आहे. वक्ता म्हणून तुमचं नाव दिलंय. घाबरू नका, खुर्चीत बोललात तस्संच बोला. राजधानीपर्यंत!"