सामंत धक्का तपासतात

सामंत आमच्याकडे पहिल्यांदा आले ते वास्तुशांतीला. पूजेला नमस्कार केला, प्रसाद डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने खिशातून एक छोटी हातोडी काढून हॉलमधला खांब ठोकला. मग खांबाला कान लावून डोळे मिटले. माझ्या सासूबाईंना वाटलं, असेल यांच्याकडची काही रीत. त्यांनी लगेच खांबाला हळदकुंकू लावलं. सामंत डोळे उघडून म्हणाले, "खांब बरा आहे. बीमबद्दल मी आज काही बोलत नाही. शुभकार्य आहे."

बीमबद्दल ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलले.

ही वसईतल्या माणिकपूरची, नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. इमारती अळंब्यांसारख्या उगवत होत्या आणि बंदरं बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर सामंत समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहून त्यांच्यावर पाळत ठेवत होते. भिंतीला भेग दिसली की ते तिच्यावर काचेची बारीक पट्टी चिकटवत. भेग रुंदावली की काच तडकते, साधा हिशेब. आमच्या जिन्यात अशा चौदा पट्ट्या होत्या. बायका दिवाळीला त्यासुद्धा पुसून घ्यायच्या. लग्नात आहेर देण्याआधी सामंत वाकून स्टेजच्या खाली बघत आणि वर बसलेल्या नवरीचा जीव टांगणीला लावत. कुणी हसलं तर म्हणत, "वरचं नंतर. आधी खालचं."

अशा माणसाला मी आपण होऊन कामाला लावलं, ही माझी अक्कल.

मी खाडीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बंदरावरच्या जुन्या धक्क्यावर दुमजली इमारत बांधायची, खाली बर्फाचं कोठार आणि मासळी विकायची जागा, वर बालवाडी, असं ठरून मंजुरीही आली होती. फक्त धक्का हे ओझं पेलेल असा इंजिनिअरचा दाखला हवा होता. धक्क्यावर मासळीचे वाटे लावणाऱ्या बायका बारा वर्षं या छपराची वाट बघत होत्या. त्यांची पुढारी बायजाक्का. तिचा आवाज भरतीलाही पलीकडच्या काठावर ऐकू जाई. ती म्हणाली, "सेक्रेटरी, पुढच्या पावसात आमी छपराखाली बसनार. नाय तं तुमच्या हापिसात टोपल्या मांडनार."

म्हटलं, सामंत एक चक्कर मारतील, सही करतील, संपलं. सामंतांनी ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्या आणि तीन आठवडे गुडघाभर चिखलात उभं राहून धक्क्याच्या प्रत्येक खांबाशी कानगोष्टी केल्या. शेवटी म्हणाले, "ठोकून कळत नाही. भार देऊन बघू."

भार म्हणजे पाण्याने भरलेली पिंपं. ती चोवीस तास धक्क्यावर ठेवायची, धक्का किती वाकतो ते खालच्या घड्याळासारख्या यंत्रावर बघायचं. पिंपं जमली. पण सामंतांना पाणी गोडच हवं. सांडलं तर खाऱ्या पाण्याने आतल्या सळ्या गंजतील म्हणे.

"सायब," बायजाक्का म्हणाली, "धक्का जल्मापासून खाऱ्या पान्यात उभा हाय. त्याला आता नवीन काय होनार?"

"त्याला जे व्हायचं ते होऊ दे. माझ्या हातून नको," सामंत म्हणाले. मी निमूटपणे टँकर मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामंत यंत्र वाचून चिखलातून जवळजवळ धावतच वर आले. वाकलेला धक्का जवळपास मूळ जागी आला होता! "चाळीस वर्षांत असा धक्का पाहिला नाही! भार अंगावर असताना उभारी धरली!" सोसायटीच्या चेअरमननी पेढे आणायला माणूस पाठवला. तेवढ्यात सामंतांनी सवयीने एका पिंपावर हातोडी मारली. पिंप घुमलं. दुसरं घुमलं. तिसऱ्यात त्यांनी डोकं घातलं.

"पाणी कुठे गेलं?" आतून आवाज आला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गावात चार दिवस पिण्याच्या पाण्याचा टँकर आला नव्हता. दारात गोड पाण्याची साठ पिंपं उभी करून ती रात्रभर तशीच राहतील असं समजणारा माणूस वसईत नवा असला पाहिजे. बायजाक्का म्हणाली, "पोरांच्या आंघोळी झाल्या, सायब. तुमाला पुण्य लागंल."

सामंत डोकं बाहेर काढून म्हणाले, "खाडीचं भरा."

या वेळी ते स्वतः दोन दिवस पिंपांपाशी स्टूल टाकून बसले. यंत्राने सांगायचं ते सांगितलं. खांबांवर लावलेल्या नऊ काचांपैकी सात तडकल्या. तरी सामंत सही करेनात आणि नाहीही म्हणेनात. पुन्हा आकडे मांडले, पुन्हा खाली उतरले. मला त्यांचा भयंकर राग आला. फार उशिरा कळलं, की ते चूक शोधत नव्हते. कुठूनतरी 'हो' म्हणता यावं म्हणून धडपडत होते.

शेवटी बायजाक्कानेच कमरेवर हात ठेवून विचारलं, "बोला नं, सायब. पडंल का?"

सगळ्या माणिकपूरला बीमबद्दल न विचारता सांगणारा हा माणूस हातातली हातोडी उगाच फिरवत राहिला. "पडेल," ते म्हणाले. "आज नाही. एखाद्या दिवशी, वर बालवाडी भरलेली असताना."

बायजाक्का टोपली उचलायला वळली. सामंतांनी घाईघाईने पिशवीतून एक नकाशा काढला. धक्क्याच्या मागे, पक्क्या जमिनीवर, बैठी पत्र्याची शेड. बालवाडी नव्हती, बर्फाला एक कोपरा होता. आणि दाराशी खांद्याइतका उंच एक ओटा. चेअरमननी विचारलं, "एवढा उंच? यावर बसणार कोण?"

"बसायचा नाही तो," सामंत म्हणाले. "दोन दिवस बघत होतो मी. टोपली डोक्यावर घ्यायला या एकमेकींना हात लावतात. शेवटी जी उरते तिला कुणी नसतं. ती नुसती उभी राहते. ओटा असला की तिला एकटीला टोपली डोक्यावर सरकवता येईल." मग चष्मा पुसत, जरा हसून म्हणाले, "काही कामांना दुसरं माणूस लागतंच हो. आमची ही गेली त्याला तीन वर्षं झाली, मी गादी उलटलेली नाही."

सगळ्यांत शेवटी निघणारी बाई म्हणजे बायजाक्काच. तिने नकाशा हातात घेतला, उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि चेअरमनला परत दिला. चेअरमन म्हणाले, नवी मंजुरी आणायला वर्ष जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात तिचा आवाज ऐकून मी दार उघडलं. तीन मजले चढून ती सामंतांच्या दारात उभी होती. टोपली तिने स्वतःच उतरवून ठेवली होती. सामंत बनियनवर, हातात हातोडी, गोंधळून बघत होते.

"असं काय बगता, सायब?" ती पदर खोचत आत शिरली. "कुटं हाय ती गादी? चला, तिकडनं धरा."