सशाला प्रवासबंदी

चिमणीचा कापडी ससा यापुढे प्रवासच करणार नाही, असं तिच्या बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं. चिमणी अर्धा आठवडा आईबाबांकडे असायची आणि अर्धा आजीआजोबांकडे. ससा मात्र हमखास भलत्याच घरी राहून जायचा, आणि त्याच्याशिवाय तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

बाबांचं ऑफिसातलं कामच हे, वस्तू न हलवता पोहोचवायचं! दोन ब्लॉकचेन, म्हणजे संगणकावरच्या व्यवहारांच्या दोन वह्या, या एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जावा, असं ते सांगत. इकडची मालमत्ता तिकडे जातच नाही. ती इकडे कुलपात ठेवायची, साक्षीदारांनी तशी खात्री द्यायची, मगच तिकडे तिच्या जोडीची दुसरी बाहेर काढायची. दोन्ही एकदम बाहेर दिसल्या, की व्यवहारावरचा विश्वास संपला.

बाबांनी हुबेहूब दुसरा ससा आणला, चहात बुडवून मळकट केला, त्याचा कान फाडून पुन्हा शिवला. दोन घरी दोन ससे, चिमणी नसेल तिथला कपाटात कुलूपबंद. साक्षीदार म्हणून बायको, सासूबाई आणि सासरे नेमले. तिघांनी फोनवर होकार दिल्याशिवाय कुठलंच कपाट उघडायचं नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं, की बाबांनी ऑफिसात सशावर भाषणही ठोकलं!

एका संध्याकाळी ते सहज सासुरवाडीला डोकावले. सोफ्यावर एकाच पांघरुणात दोन्ही ससे!

"आई, तुम्ही तर आमच्या घरचा कुलपात आहे म्हणालात!"

"म्हणाले खरी. पण कपाटात जीव गुदमरतो हो त्याचा, म्हणून चिमणी दोघांनाही बरोबर आणते."

सासऱ्यांनी होकार दिला होता, कारण सासूबाईंनी दिला होता. फोनवर बायकोने सांगितलं, की त्या दोघांनी दिला म्हणून तिनेही दिला. दुसरा ससा उघडा पडला, आता लेकीला काय तोंड दाखवायचं, असं बाबांना झालं.

चिमणीने त्यांची समजूत काढली. ससे दोन आहेत, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नव्याच्या कानाचे टाके वाकडे होते, म्हणजे ते बाबाचेच. पण बाबाने एवढा खटाटोप केलाय, त्याला वाईट वाटेल, म्हणून आजीने आणि तिने गप्प राहायचं ठरवलं होतं. बाबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिला पोटाशी धरलं.

निघताना तिने नवा ससा त्यांच्या हातात दिला.

"हा तू घेऊन जा. मी इकडे असले की तुला झोप येत नाही, आई सांगत होती."

सकाळी बायकोने पाहिलं, तर बाबा सशाला कुशीत घेऊन गाढ झोपलेले. तिने हलवून विचारलं, हे काय?

"टेस्टिंग चाललंय," असं पुटपुटून त्यांनी कूस बदलली.