ईटला निघालेला रोलर

"मी रोलरवर बसून ईटला जाणार हाय," कृष्णराजनं भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोचा, शिवप्रियाचा, आमटी वाढणारा हात जराही थांबला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं याहून भयंकर बेत ऐकले होते.

"ईटला कोण हाय आपलं?"

"रणधीर हाय की, बियाण्यांच्या दुकानवाला. पर मुद्दा त्यो न्हाय."

"मग मुद्दा काय? येष्टी बंद झाली का?"

मुद्दा होता रुग्णवाहिकेचा. मुरुमच्या बाजारपेठेत कृष्णराजचं नळ, पाईप आणि रंगाचं दुकान होतं. माणूस हौशी, मनानं चांगला, पण एक खोड वाईट. चारचौघांत कुणी "हे कोण करणार?" असं विचारलं की डोक्यात विचार यायच्या आधी त्याचा हात वर जायचा. गावातल्या धर्मादाय दवाखान्याच्या जुन्या रुग्णवाहिकेनं मान टाकली, आणि नेमकी त्याच सुमारास त्याची कस्तुराबाई आत्या न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलेल्या आत्याला सोलापूरला न्यायला मिळाला तो टोमॅटोचा टेम्पो. आत्या बरी झाली, पण तेव्हापासून घरात टोमॅटो चिरला तरी ती कण्हायला लागायची. पुढं नव्या रुग्णवाहिकेसाठी बैठक बसली, वर्गणी झाली, ती कमी पडली, आणि उरलेले पैसे कोण आणणार असं अध्यक्षांनी विचारलं. हात वर गेला.

आता हात खाली घ्यायचा तर अख्खं मुरुम बघत होतं. वर्गणीसाठी कृष्णराज दिसला की ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले. अशात त्यानं मोबाईलवर एक परदेशी गृहस्थ पाहिला. तो गवत कापायच्या यंत्रावर बसून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता आणि लोकांनी कुतूहलापोटी त्याच्या डब्यात पैसेच पैसे टाकले होते. गवत कापायचं यंत्र मुरुममध्ये नव्हतं. फकरुद्दीनचाचांचा रोलर होता.

"जिल्ह्याच्या ह्या टोकावर आपण, त्या टोकावर ईट," कृष्णराज म्हणाला. "सायकलवर गेलो तर कुत्रंबी बघणार न्हाय. रोलर बघायला मात्र गाव गोळा हुतंय का न्हाय?"

"गाव गोळा हुईल," शिवप्रिया म्हणाली. "पुढचं मला म्हाईत न्हाय."

फकरुद्दीनचाचा ठेकेदारांना रोलर भाड्यानं द्यायचे आणि तो स्वतःच चालवायचे. सध्या कामं नव्हती. कृष्णराजचा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "शेठ, रोलर आजवर गेला तेवढाच मागं आला. नुसता फुडं जाणारा रोलर म्या बी बघितला न्हाय. चला, बघू तरी."

झालं. रोलरला निळा रंग लागला. पुढं फलक लागला, 'एक रोलर, एक ध्यास, रुग्णवाहिकेसाठी मदतीचा हात'. मागं कुलूप घातलेली दानपेटी बसली. ईटहून रणधीरनं फोन करून सांगितलं की वेशीवर हलगी, फेटे आणि जेवणाची जय्यत तयारी ठेवतो, फक्त कधी पोचता ते सांगा. सकाळी कस्तुराबाईनं ओवाळलं आणि रोलर धडधडत मुरुमबाहेर पडला. त्याच्या शेजारून एक म्हैस चालली होती, ती थोड्याच वेळात पुढं निघून गेली.

हायवेवर पोलीस अडवतील म्हणून चाचांनी जळकोटच्या अंगानं जाणारा आडरस्ता धरला. त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ दोन्ही बाजूंना बाभळी होत्या म्हणून. ऊन कलता कलता हिप्परवाडी नावाचं लहानसं गाव दिसलं, आणि कृष्णराजचा आनंद गगनात मावेना. अख्खं गाव पळत येत होतं. बाया डोईवरची घागर तशीच घेऊन आल्या, म्हातारी माणसं काठी टेकत आली. फटाक्यांची माळ लागली.

"बघा चाचा! कुतूहल म्हणतात ते ह्येच!"

"व्हय," चाचा म्हणाले. "पर शेठ, लोक तुमच्याकडं बघंना झालेत. चाकाकडं बघायलेत."

सरपंच धनाजी पुढं आला. त्यानं रोलरच्या चाकाला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला, कृष्णराजला फेटा बांधला आणि एवढा मोठा हार घातला की शिल्लक राहिलेला हार फलकावर टाकावा लागला. फलक दिसेनासा झाला. मग गावानं रोलरभोवती उभं राहून फोटो काढला.

"लई वाट बघायला लावलीत," धनाजी म्हणाला. "आता सुरवात कुठनं करता? फाट्याकडनं का देवळाकडनं?"

"कशाची सुरवात?"

"रस्त्याची!"

कृष्णराजनं सगळी हकिगत सांगितली. परदेशी गृहस्थ, गवताचं यंत्र, आत्या, टोमॅटो. सांगून झाल्यावर धनाजी बाजूच्या माणसाला म्हणाला, "हा ठेकेदार मागच्यापेक्षा हुशार हाय."

मागच्या खेपेला काय झालं होतं ते मग कळलं. रस्ता मंजूर झाला होता. रोलर आला, नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर रोलर गायब. त्याच्या आदल्या खेपेलाही हेच. हिप्परवाडीनं तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा रोलर आला तर त्याला सोडायचा नाही. कृष्णराज चहा पीत होता तेवढ्यात विहिरीवरचा मोठा साखळदंड आला आणि रोलर पारावरच्या कडुलिंबाला बांधला गेला. कुलपाची किल्ली गेली नीलम्मा आज्जीच्या कमरेला. धनाजी म्हणाला की गावात बाकी कुणालाही पटवता येतं, आज्जीला नाही.

संध्याकाळी रणधीरचा फोन. "कुठवर आलात?"

"हिप्परवाडी."

"हे कुठं आलं? तुळजापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"लई अलीकडं," कृष्णराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. शेजारच्या गावचे लोक ट्रॅक्टर भरून आले आणि म्हणाले की मंजूर रस्ता आमच्या वेशीपासून सुरू होतो, म्हणजे रोलर आमचा. त्यांनी येताना स्वतःचा साखळदंड आणला होता. दुपारपर्यंत रोलरला दोन बाजूंनी दोन साखळ्या लागल्या. त्यात एका स्थानिक पुढाऱ्यानं 'आमच्या पाठपुराव्याला यश' असा फलक लावला, तो बघून दुसऱ्यानं त्याहून मोठा लावला. आता रोलर रुग्णवाहिकेसाठी निघाला होता असं म्हणायची कुणाची सोयच उरली नाही. दानपेटीत लोक चिठ्ठ्या टाकत होते. कृष्णराजनं मोठ्या आशेनं पेटी उघडली तर आत निघालं, 'आमच्या गोठ्यापुढं जरा जास्त दाबून घ्यावे.'

फोटो फिरत फिरत मुरुमला पोचले आणि शिवप्रियाचा फोन आला.

"रस्त्याचा ठेका कधी घेतलात वो?"

"अगं, ठेका न्हाय घेतला!"

"गाव म्हणतंय, अँब्युलन्सच्या वर्गणीतनं घेतला. अध्यक्ष दोनदा दुकानावर येऊन गेले. आत्या रडायलीय."

फेटा, हार, हसणारे लोक, हे सगळं एकीकडं, आणि मुरुममध्ये आपलं नाव चोरात गेलं हे एकीकडं. पैसे न आणता परतलो तर सगळ्यांची खात्रीच पटणार. तो तडक नीलम्मा आज्जीच्या दारात जाऊन बसला.

"आज्जी, किल्ली द्या. मी हात जोडतो. तिकडं रुग्णवाहिका आडलीय."

आज्जी शेंगा फोडत होती. "तुजी गाडी आली की मान्साला दवाखान्यात नेणार?"

"व्हय."

"हितं बी येणार?"

"येणार की. आजूबाजूच्या सगळ्या गावांसाठी हाय."

"कुठनं येणार?" आज्जीनं विचारलं. "म्या आजारी पडल्यावर फाट्यापतुर मला बाजेवर नेलं. मधी दोनदा खाली पडले. आजारानं मरत नव्हते, बाजेनं मेले असते. तुजी गाडी काय उडत येणार हाय का?"

मुरुमच्या बैठकीत गाडीचा रंग, सायरन, बाजूवर कुणाचं नाव, सगळ्यावर चर्चा झाली होती. ती चालणार कशावरून, हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. तो उठून पारावर आला तर फकरुद्दीनचाचा रोलरच्या सावलीत पडले होते.

"चाचा, खडी, माती आणि पाणी गावानं आणलं तर रस्ता दाबून हुईल का?"

"शेठ, म्या पहिल्या दिवसापासून ह्येच म्हणायलोय," चाचा डोळे न उघडता म्हणाले. "रोलरला ईट काय कळतंय? त्याला फकस्त मागंफुडं कळतंय."

पारावर बैठक बसली. धनाजीनं विचारलं, "मग ह्ये काम अंगावर कोण घेणार?" कृष्णराजचा हात वर गेला. मात्र या वेळी त्यानं हात खाली आणायच्या आधी अट घातली. खडी-मातीचे ट्रॅक्टर गावांचे, पाण्याचे टँकर गावांचे, आणि ज्या घराच्या दारापुढून रोलर फिरेल त्या घरानं रुग्णवाहिकेसाठी जमेल ते द्यायचं. शेजारचं गावही आपली साखळी काढून, भांडण सोडून कामाला लागलं, कारण भांडत बसलं तर रोलर हिप्परवाडीतच फिरत राहील ही त्यांना धास्ती होती. आज्जी रोज सकाळी कुलूप काढायची आणि रात्री रोलर पुन्हा लिंबाला बांधून किल्ली कमरेला खोचायची.

आणि मग गंमत झाली. परोपकार म्हणून मागितल्यावर खिसे चाचपणारी माणसं रोलर जवळ आला की आपण होऊन दारात पैसे घेऊन उभी राहू लागली. कुणी ज्वारीचं पोतं विकलं, कुणी बोकड. रोलरला एखाद्या दारापुढं दोन फेऱ्या जास्त झाल्या की समोरच्या घराची वर्गणी वाढायची. "रस्ता काय त्येंच्याच दारापुढं हाय व्हय?" असं म्हणून बाया भांडायच्या आणि चाचा निमूटपणे उलट फिरायचे. फाट्यापासून मुरुमच्या हद्दीपर्यंत रस्ता तयार झाला त्या दिवशी पहिली सवारी म्हणून नीलम्मा आज्जीला रोलरवर बसवलं. ती दोन्ही बाजूंना बघत, प्रत्येकाच्या दारात काय वाळत घातलंय याची चौकशी करत फिरून आली आणि मगच तिनं किल्ली काढून दिली.

कृष्णराज रोलर घेऊन मुरुमला परतला. त्यानं दानपेटी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली, चिठ्ठ्यांसकट. पैसे पुरेसे भरले. कस्तुराबाई आत्यानं त्याची दृष्ट काढली, शिवप्रियानं टोमॅटोची चटणी केली आणि आत्यानं ती खाल्ली.

"आता ईटचं काय?" शिवप्रियानं विचारलं.

त्यानं भीत भीत रणधीरला फोन लावला. वेशीवरचे फेटे केव्हाचे सुटले असणार. पण रणधीरचा आवाज गोड होता. "भाऊ, सगळं ऐकलं आमी. सत्काराचं राहू द्या. तुम्ही न्हाय आलात तरी चालंल. रोलर तेवढा पाठवा."

नवी रुग्णवाहिका आणायला कृष्णराज स्वतः सोलापूरला गेला. परतताना जळकोटनंतर त्यानं ड्रायव्हरला मुद्दाम हिप्परवाडीच्या रस्त्यानं गाडी घ्यायला सांगितली. मुरुममध्ये मांडव घातला होता, बँडवाले ताटकळले होते, पण ज्यांच्या पैशानं गाडी आली त्यांना ती आधी दाखवायला नको का? पांढरीशुभ्र गाडी पाराशी थांबली. गाव पळत आलं. धनाजीनं हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला, फोटो काढला. कृष्णराज सगळ्यांना नमस्कार करून गाडीत बसायला वळला आणि त्याला मागून ओळखीचा खळखळाट ऐकू आला.

साखळदंड चाकातून जाऊन लिंबाला पोचला होता.

"धनाजीराव! अहो ही गाडी रस्ता करत न्हाय!"

"म्हाईत हाय," धनाजी म्हणाला. "पर नारळ फुटला, फोटो निघाला, आन् गाडी चालली. भाऊ, तुमच्यावर इस्वास हाय. नारळावर राहिला न्हाय."

कृष्णराजनं वाद घातला नाही. तो पारावर टेकला आणि चहा सांगितला. मग सवयीनं नीलम्मा आज्जीच्या दाराकडं बघितलं. दाराला कडी होती. शोधाशोध झाली तेव्हा आज्जी सापडली ती रुग्णवाहिकेत, स्ट्रेचरवर, पाय लांब करून आडवी झालेली.

"आज्जी! काय हुतंय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत आज्जीनं खिडकीतून किल्ली बाहेर धरली. "सोडा साखळी. मुरुमापतुर फिरवून आणा. हादरा बसतो का ते बघायचंय."

साखळी सुटली. सायरन वाजवत गाडी निघाली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मुरुमच्या मांडवात शिरली. सायरन ऐकून बँड थांबला. आत कुणीतरी आडवं आहे हे बघून अध्यक्ष हातातली कात्री टाकून धावले, डॉक्टर धावले, शिवप्रिया आरतीचं ताट घेऊन तशीच धावली. चौघांनी मिळून आज्जीला अलगद खाली घेतलं. डॉक्टरांनी नाडी धरली.

"आज्जी, कुठं दुखतंय? कसं वाटतंय?"

आज्जीनं लुगडं सारखं केलं, गाडीकडं मागं वळून बघितलं आणि नाक मुरडलं.

"हादरा न्हाय बसला," ती म्हणाली. "पर रोलरच बरा व्हता. कुणाच्या दारात काय वाळत घातलंय ते तरी दिसत व्हतं."