ज्याचा कचरा त्याच्या घरी

मित्सुगावा प्राथमिक शाळेने या वर्षापासून कचरा करणे बंद केले. त्यासाठी शाळेतल्या सर्व कचरापेट्या काढून टाकण्यात आल्या.

मुलांनी आपापला कचरा घरी न्यावा, ही सूचना किकुए वाकासुगीला रास्तच वाटली. सहलीतली केळ्याची साल घरी आणणाऱ्यांपैकीच ती होती. तिच्या लेकीच्या, तोमोकाच्या दप्तरातून पेन्सिलीची टरफले आली, दुधाचा धुतलेला खोका आला, खोडरबराचा चुरा आला. मग सामायिक कचऱ्याचेही पटसंख्येनुसार समन्यायी वाटप सुरू झाले आणि तोमोका मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या जुन्या पडद्याचा तुकडा घेऊन आली.

“हा तुझा कचरा आहे का गं?”

“बाई म्हणाल्या, पडदा सगळ्यांचाच असतो. शिगेकीला तर खुर्चीचा पाय मिळाला, आई!”

गल्लीत कचऱ्याच्या पिशवीवर नाव लिहावे लागे. किकुएच्या दोन पिशव्या जादा ठरून, लाल चिठ्ठी चिकटून दारात परत आल्या. तिसऱ्या चिठ्ठीला गल्लीच्या सभेत नावाचा पुकारा होई.

“तीन माणसं आणि पाच पिशव्या?” गल्लीप्रमुख ओनिशी आजी म्हणाल्या. “लोक मला विचारतात हो, त्या घरात चालतं तरी काय!”

किकुए मुख्याध्यापक इसोबेंकडे गेली. लहानपणी तिला त्यांनीच विज्ञान शिकवले होते.

“सर, तुम्हीच सांगितलं होतंत, वस्तू नाहीशी होत नाही. नुसती जागा बदलते.”

“तो पाचवीचा धडा. धोरणाला लागू नाही.”

“पण माझ्या घरी कचरा वाढलाय.”

“म्हणजे समस्या शाळेत नाही, हे तुम्हीही मान्य करता! पालकांसाठी ‘कचरा टाळा’ पुस्तिका छापल्यात. उरलेला गठ्ठाही न्या, इथे ठेवता येत नाही.”

किकुएने शाळेतून आलेले सगळे धुतले, वाळवले, त्या गठ्ठ्यासकट खोक्यांत भरले आणि ‘परदेशातील गरजू मुलांसाठी’ असे लिहून मदतकेंद्रात नेले. तिथे वजनाची मर्यादा नव्हती. नावही लागत नव्हते.

“मनापासून देताय ना?” खिडकीतल्या बाईंनी विचारले.

“अगदी मनापासून.”

तिसरी चिठ्ठी आली नाही. “एकच पिशवी! शिकावं तुमच्याकडून,” असे ओनिशी आजी भर सभेत म्हणाल्या. ऐकणाऱ्या आयांनी किकुएला युक्ती विचारली आणि दुसऱ्याच दिवशी त्या मदतकेंद्राबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. शाळेला शून्य कचऱ्याचे मानचिन्ह मिळाले.

त्या खोक्यांचे जहाज कुठल्या बंदराला लागले, हे किकुएला ठाऊक नाही. परवा तुमच्या तालुक्याच्या शाळेत परदेशी मदतीच्या खोक्यांना हार घातले, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्याआधी एखादे उघडून पाहायचे होते.